पुरात गेलेला जपानचा रस्ता

अहो, ऑक्सिजनचं मशीन काल परत गेलं. दोन माणसं येऊन उचलून घेऊन गेली. त्यानंतर घरात जी शांतता झाली ती मला सोसेना, म्हणून मी नुसताच मिक्सर लावला. आत काही नव्हतं. आव्वा आतून ओरडली, "लेकी, काय वाटालीस गं?" मी म्हटलं, काही नाही.

माणसं येऊन गेली. रक्षाविसर्जनाला तुमच्या पॅटर्न शॉपमधले सगळे जुने लोक आले होते. जो तो सांगत होता की तुम्ही किती शांत होता. मी मान हलवत होते. शांत कसले! दिवाणखान्यात उदबत्ती लावली तर घरभर भांडण करणारा माणूस तुम्ही. धुराने कागद पिवळा पडतो, फोडणीच्या वासाने पडतो, उन्हाने तर पडतोच. लग्नानंतरची कितीतरी वर्षं मी पडदे ओढलेल्या घरात काढली, ती जपानातल्या कुठल्याशा डोंगरावरचा पाऊस फिका पडू नये म्हणून. हे त्या लोकांना सांगावंसं वाटलं. पण बोलायचंच इतकं जिवावर आलं होतं की मी चहाचे कप गोळा करत राहिले.

तुम्ही कंपनीच्या ट्रेनिंगला जपानला गेलात तेव्हा आपला सुजय बालवाडीत होता. परत आलात, तर सगळ्यांना वाटलं कॅमेरा आणला असेल, टेपरेकॉर्डर आणला असेल. तुम्ही बॅगेच्या तळातून दोन पुठ्ठ्यांमध्ये बांधलेला एक कागद काढलात. एका चढाच्या रस्त्यावर अचानक पाऊस आलाय आणि माणसं पळतायत. कुणी टोपली डोक्यावर धरलीय, दोघं पालखी खांद्यावर घेऊन धावतायत. तुमच्या आई म्हणाल्या, "एवढ्या लांब जाऊन कॅलेंडर आणलंस?" तुम्ही मला खिडकीजवळ नेलंत, चित्र तिरकं धरलंत आणि पावसाच्या रेघेवर बोट न टेकवता बोट फिरवलंत.

"ही रेघ ब्रशनं काढलेली न्हाय," तुम्ही म्हणालात. "आधी लाकडात कोरल्याली हाय. आजूबाजूचं सगळं लाकूड काढून टाकलंय आणि एवढी केसागत रेघ तेवढी उभी ठेवलीया. माझ्या शॉपमधल्या पोरांना सांगितलं तर दहातली नऊ मोडतील."

मग मला कळलं तुम्हाला कशानं धरलं ते. तुमचं सगळं आयुष्य लाकडात गेलेलं. लोखंड ओतायच्या आधी त्या वस्तूचा लाकडी नमुना करावा लागतो, तो करणारे तुम्ही. तुमच्या हातचा नमुना कुणी पाहत नसे. त्याच्यावरून झालेला पंप, झालेली गिअरपेटी तेवढी बाहेर जायची. आणि इथे शंभर-दीडशे वर्षांपूर्वी कुणी तरी लाकूड कोरलं होतं, प्रत्येक रंगाचा वेगळा ठसा केला होता, आणि त्याचा हात कागदावर अजून दिसत होता. कागद उलटा करून मागच्या बाजूचे गोल घासल्याचे व्रण तुम्ही मला दाखवलेत. कागद ठशावर ठेवून हाताने घासून छापतात, त्याचे. चित्र आधी मागून बघायचं, ही तुमची सवय तेव्हापासूनची.

जपानच्या आताच्या राजधानीपासून क्योतोपर्यंत जाणारा समुद्राकाठचा जुना रस्ता. त्यावर पन्नासहून जास्त मुक्काम, आणि प्रत्येक मुक्कामाचं चित्र. तुम्हाला तो रस्ता पुरा करायचा होता. तुमचे तिकडचे जुने साहेब सुरुवातीला वर्षाकाठी एखादं चित्र धाडायचे. पुढे इंटरनेट आलं आणि तुम्ही चष्मा कपाळावर चढवून त्या लिलावांसमोर बसायला लागलात. आपल्याकडची बहुतेक चित्रं नंतरच्या काळात नव्याने कोरलेल्या ठशांवरची होती, हे तुम्ही कधी लपवलं नाहीत. कुणी विचारलं की सांगायचात, "माझ्याकडं म्हातारी कमी, नातवंडं जास्त." पण त्या नातवंडांसाठीही तुम्ही स्वतः सागवानी कपाट केलंत. रुंद, बुटकं, उथळ कप्प्यांचं, जमिनीलगत. चित्रं आडवीच राहिली पाहिजेत आणि भिंतीच्या ओलीपासून लांब, म्हणून दिवाणखान्याच्या मधोमध. पावणेरावळे त्याला अडखळायचे.

मी तक्रार करायची ती भिंतीवर लावण्यावरून. रिकाम्या भिंती आणि कप्प्यात अख्खा रस्ता, हे मला पटायचं नाही. मी म्हणायची, बघायचीच नाहीत तर आणायची कशाला. तुम्ही म्हणायचात, बघायची की, रविवारी. आणि खरंच दर रविवारी हात धुऊन, कोरडे करून, आपण एक कप्पा उघडायचो. हळूहळू मलाही माणसं ओळखीची झाली. ओझ्याखाली वाकलेला तो घोडा. चहाच्या टपरीवर पाय सोडून बसलेली बाई. शाळेत नववीला विज्ञान शिकवून दमून आलेली मी त्या बाईला मनातल्या मनात म्हणायची, बस बाई, तू तरी बस.

हे सगळं मी तुम्हाला का सांगतेय? तुम्हाला ठाऊकच आहे. पण त्या दिवसाबद्दल आपण नीट कधी बोललो नाही, आणि तिथे पोचायचं तर इथूनच जावं लागतं.

पाऊस आठवडाभर लागून राहिला होता. राधानगरी धरणाचे दरवाजे उघडल्याचं सकाळी कळलं. नाल्याचं पाणी मागे फुगत आपल्या गल्लीच्या तोंडापर्यंत आलं होतं. तुम्ही वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांना विचारून ठेवलंत, एक खोली रिकामी करून घेतलीत. खालचा पहिला कप्पा उघडलात. चित्रं दोघांनी उचलायची, एकेक पुठ्ठ्यावर घ्यायची, जिना चढायचा. घाईनं होणारं काम नव्हे ते. पहिला पुठ्ठा उचलणार, तोच शिरोळहून फोन आला. माझ्या माहेरच्या शेजारणीचा. गाव हलवायला लागलेत, कृष्णेचं पाणी आमच्या पायरीला लागलंय, आणि आव्वा घर सोडायला तयार नाही. म्हशीला सोडून येणार नाही म्हणतेय. भाऊ माझा तेव्हा परदेशी. आव्वा एकटी.

मी म्हटलं, "आधी ही चित्रं वर नेऊ. अर्धा-पाऊण तासाचं काम आहे."

तुम्ही टीव्हीकडे बघत होतात. शिरोलीपाशी हायवेवर पाणी चढायला लागल्याचं दाखवत होते. "हायवे बंद झाला तर मग कुठनं जायाचं?" तुम्ही म्हणालात. आणि कप्पा आत ढकललात. दोन्ही हातांनी, हळूच, एरवी ढकलायचात तसाच. मग किल्ल्या घेतल्यात.

पंचगंगेचा पूल आपण ओलांडला आणि थोड्या वेळाने तो रस्ता बंदच केला. चित्रं वर नेत बसलो असतो तर अलीकडेच अडकलो असतो की नसतो, याचा हिशोब मी मनाशी कितीदा केलाय. तो दर वेळी वेगळा येतो.

गावाबाहेर गाडी ठेवली. पुढे ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून गेलो, आणि जिथे ट्रॅक्टरवाला थांबला तिथून तुम्ही पाण्यात उतरलात. मला ट्रॉलीतच बसवलंत. मी लांबून बघत होते. आव्वा कट्ट्यावर बसली होती, म्हशीचा दोर हाताला गुंडाळून. तुम्ही काय बोललात ते ऐकू आलं नाही. नंतर तुम्हीच सांगितलंत की आव्वाशी वाद घातलाच नाही, नुसता दोर सोडलात आणि म्हैस शेजारच्या तरुणाच्या हवाली केलीत. ती पोहत-चालत उंचवट्यावर गेली. मग आव्वाला राहायला कारण उरलं नाही. तुम्ही पाठ वाकवलीत तिच्यापुढे.

पाणी तुमच्या छातीला होतं. ती तुमच्या पाठीवर, पातळ खोचलेलं, एका हातात देवाचा टाक. जवळ आलात तेव्हा मला तिचं बोलणं ऐकू आलं.

"पावणं, खाली ठेवा मला. जावयाच्या पाठीवर बसत्यात व्हय कुठं? लोक काय म्हणतील?"

"जपानात अशीच नदी वलांडत्यात, आव्वा," तुम्ही धापा टाकत म्हणालात. "मान धरा घट्ट. आणि हलू नका."

खालून तिसऱ्या कप्प्यात होतं ते चित्र. रुंद नदी, पूल नाही, आणि पाण्यात उघडे हमाल प्रवाशांना खांद्यावर, पाठीवर घेऊन पलीकडे निघालेत. ट्रॉलीत बसल्या बसल्या ते मला आठवलं, आणि त्याच क्षणी हेही कळलं की तुम्हालाही तेच आठवलंय आणि ते चित्र या वेळी कुठे आहे हेही. तुम्ही माझ्याकडे बघितलं नाहीत. आव्वाला ट्रॉलीत बसवून तुम्ही कडेला वाकून खोकत राहिलात.

जयसिंगपूरला माझ्या मावसबहिणीकडे आपण अडकून पडलो. गल्लीतल्या कुणाचा तरी फोन आला की पाणी खिडकीच्या वर गेलंय. तुम्ही "बरं" म्हणालात आणि फोन मला दिलात. आव्वा तिथे पहिल्याच जेवणाला भाकरी जाड झाली म्हणून कुरकुरली. मला तिचा असा संताप आला की मी उठून मागच्या दारी गेले. तुम्ही मात्र स्वतःच्या ताटातली पातळ भाकरी तिच्या ताटात ठेवलीत.

घरी आलो तेव्हा भिंतीवर पाण्याची रेघ होती आणि सगळीकडे तो वास. कपाट फुगलं होतं, कप्पे उघडेनात. तुम्ही स्वतः केलेल्या सांध्यांवर स्वतःच पटाशी चालवलीत. आत चिखलाच्या वड्या होत्या. तुम्ही एकही सोडवून पाहिली नाहीत. गल्लीच्या कोपऱ्यावर लोकांच्या गाद्या, पुस्तकं, धान्य, सगळ्याचा ढीग लागला होता, महापालिकेच्या डंपरची वाट बघत. तुम्ही कप्पेच्या कप्पे तिथे नेऊन ओतलेत आणि आत येऊन भिंती धुवायला घेतल्यात.

मी मागून गेले. आयुष्यभर ज्या कागदांवरून मी भांडले, ते मी गुडघ्यावर बसून दुसऱ्यांच्या गाद्यांखालून काढत होते. शेजारीण म्हणाली, बाई, हात कापेल. मी म्हटलं, कापू दे. साध्या कागदाचा लगदा झाला असता, पण ते झाडाच्या सालीचे कागद. चिवट. शाळेच्या प्रयोगशाळेतले गाळणकागद आणून, बादलीत बुडवून, एकेक पदर सोडवत मी काही चित्रं वेगळी केली. रंग पळाले होते. लाल दुसऱ्याच्या अंगावर गेला होता, निळ्याचे ओघळ झाले होते. दहा-बारा उरली.

तुम्हाला दाखवली तेव्हा तुम्ही इतके चिडलात की मी घाबरले. एवढ्या वर्षांत प्रथम.

"मेल्यालं माणूस उकरून आणून दारात कशाला बसवलंस?" तुम्ही म्हणालात. "ठसा गेला, रंग गेला, म्हंजे ते चित्र न्हाय आता. कागद हाय."

मी म्हटलं, "तुमच्यासाठी नसेल. माझ्यासाठी आहे."

ती दहा-बारा चित्रं माझ्या लोखंडी कपाटात साड्यांखाली गेली. तुम्ही पुन्हा एकही आणलं नाहीत. मी मुद्दाम लॅपटॉपवर लिलावाचं पान उघडून ठेवायची, तुम्ही येऊन ते मिटवायचात आणि क्रिकेट लावायचात. पडदे मात्र मी उघडले. ऊन आत यायला लागलं. त्या उन्हाचं सुख मला कधी झालं नाही, हे तुम्हाला सांगायचं राहिलं.

आणि आव्वा आपल्याकडे आली, ती राहिलीच. तिच्या न्हाणीघराला तुम्ही लाकडी मूठ बसवलीत, तिच्या पंजाला बेतून, चार वेळा घासून. ती शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगायची, माझा लेक परदेशात आणि माझं पावणं माझ्याजवळ. तिच्या विसरण्याला सुरुवात झाली तेव्हा माझं नाव आधी गेलं. तुमचं नाही.

मग तुमची छाती. डॉक्टरांनी फुप्फुसं कडक होत चालल्याचं सांगितलं. कशामुळे, ते कुणीच नक्की सांगितलं नाही, आणि मीही विचारायचं सोडून दिलं. शेवटचं वर्ष मी नीट झोपले नाही. एका खोलीत तुमचं मशीन, दुसऱ्या खोलीत आव्वा. एकाला पाणी देऊन आले की दुसरीला उठायचं असायचं. कधी कधी मला वाटायचं, दोघांनी मिळून मला एकदाचं मोकळं करावं. हे लिहिताना लाज वाटत नाही. तुम्ही समजून घेतलं असतं. तुम्हीच एकदा म्हणाला होतात, "मास्तरीणबाई, तुमचा चेहरा परीक्षेच्या पेपरांच्या गठ्ठ्यागत झालाय."

दिवाळीनंतरची ती दुपार. आव्वा झोपली होती. तुम्ही एकदम म्हणालात, "ती साड्यांखालची आण की."

तुम्हाला ठाऊक होतं म्हणजे. मी उशीवर पाट ठेवला, त्यावर एक चित्र ठेवलं. नेमकं नदीचं नव्हतं, ते डंपरमध्ये गेलं. हे बर्फातल्या गावाचं होतं. तुम्ही आधी ते उलटं केलंत. मागचे गोल व्रण चिखलातूनही दिसत होते. मग सुलटं केलंत आणि बराच वेळ बघत राहिलात. "रंग पळालाय," तुम्ही म्हणालात, "रेघ न्हाय हलली."

एवढ्या वर्षांनी मी विचारलं. त्या दिवशी चित्रं आधी वर नेली असती तरी कदाचित पोचलो असतो. वाटतं का कधी?

मला वाटलं तुम्ही नाही म्हणाल. कुणीही नाहीच म्हणालं असतं.

"वाटतंय की," तुम्ही म्हणालात. "रोज वाटतंय." नळी सारखी केलीत, श्वास घेतलात. "आव्वा समोर आल्या की न्हाय वाटत. त्या आत गेल्या की परत वाटतंय."

मला तेव्हा खूप बोलायचं होतं. माझी आई होती ती, तुमची नव्हती. आणि तुम्ही एकदाही ते तोंडावर आणलं नाहीत, तिच्या कुरकुरीला नाही, माझ्या चिडचिडीला नाही, रोज तो हिशोब मनात चालू असताना. चांगुलपणाने तुम्ही ते विसरला असता तर मी एकदा आभार मानून मोकळी झाले असते. तुम्ही विसरला नव्हता आणि तरी भाकरी तिच्या ताटात ठेवत होतात. मी तुमच्या पायावरचं पांघरूण नीट केलं. तेवढ्यात आव्वा उठली, तिनं हाक मारली आणि मी गेले. पुन्हा तो विषय निघाला नाही. तुम्हाला बोलायला त्रास व्हायला लागला आणि मग आपण दोघं फक्त पाणी, गोळी, कूस, एवढंच बोलत राहिलो.

सुजय म्हणत होता, मुंबईत कागद दुरुस्त करणारे आहेत, डाग बरेच निघतात. मी नको म्हटलं. खरं सांगायचं तर पुन्हा कुणाला फोन करणं, पार्सल बांधणं, वाट बघणं, हे माझ्याच्यानं होणार नाही आता. त्याला एक हवं होतं. मी सगळी पलंगावर मांडली आणि म्हटलं, घे हवं ते. त्याने वेळ लावला. मग एक उचललं आणि तुमच्यासारखंच आधी उलटं करून पाहिलं. मी खिडकीकडे तोंड केलं. तो परवा पुण्याला गेला.

आता आम्ही दोघी. आव्वाला मी सांगितलं होतं, तुम्ही गेलात म्हणून. ती रडली, छाती बडवून. संध्याकाळी विसरली आणि विचारलं, पावणं कामावरनं आलं न्हाईत अजून? मी पुन्हा सांगितलं. ती पुन्हा तशीच रडली, पहिल्यांदा ऐकल्यासारखी. असं काही दिवस झालं. रोज तिला नव्याने रडवायचं आणि रोज आपणही तिथे उभं राहायचं, याची मला ताकद राहिली नाही. तिला माझ्यासारखं एकदाच मिळायला हवं होतं ते दुःख.

शिवाय ती तुमच्याशिवाय जेवत नाही. ताट पुढे ठेवलं की म्हणते, येऊ देत त्यास्नी. भाकरी गार होते, मी तशीच बसून राहते.

काल तिनं विचारलं तेव्हा मी म्हटलं, "ते लांब गेल्यात, आव्वा."

"गाडी तर दारात हाय. पायी गेल्यात?"

"व्हय, पायी."

तिनं खिडकीबाहेर पाहिलं. भुरभुर चालू होती. "ह्या पावसात एकलंच?"

"न्हाई," मी म्हटलं. "त्या रस्त्याला लई माणसं हायत. सोबत हाय त्यास्नी."

मला वाटलं आता ती रडेल.

"मग आज काय येत न्हाईत," ती म्हणाली आणि ताट पुढे ओढलं. "बस की तूबी."

आम्ही दोघी जेवलो.